साबणदाणीतला मोडेम

भाऊंच्या घरात तोंडी तक्रार चालत नसे.

हे मला तिथे राहायला गेल्यावर तिसऱ्याच दिवशी कळलं. सिंदेवाहीत धानाच्या वाणांवर काम करायची माझी पहिलीच नोकरी. मूळची मी सांगलीकडची, गावात ओळखीचं कुणी नाही. एका सहकाऱ्याने बसस्टँडमागच्या गल्लीतलं घर दाखवलं. खाली मालक आणि मालकीणबाई, वर दोन रिकाम्या खोल्या. मोरीचा नळ गळायला लागला म्हणून मी खाली आले. भाऊ ओसरीत खुर्चीवर बसले होते. मी नळाचं सांगितलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले,

"ते बोर्डावर लिहा, मॅडम."

ओसरीत बोर्ड कुठे नव्हता. भिंतीवर एक कॅलेंडर आणि बुद्धाची तसबीर, बस.

"तिकडं काय पाह्यता? आत या."

आतल्या खोलीत टेबलावर एक जुनाट कॉम्प्युटर होता. काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरं. त्याच्या पाठीमागून निघालेल्या एका जाड वायरीला निळी साबणदाणी जोडलेली होती, प्रवासात नेतात तसली, झाकणाची. झाकणाला भोक पाडलेलं आणि त्यातून एक बारीक लाल दिवा लुकलुकत होता.

"हा बोर्ड. बुलेटिन बोर्ड," भाऊ म्हणाले. "जगातून कोनीबी येते, वाचते, लिहिते, जाते. तुमाले भाडेकरूचा कोपरा वेगळा करून देतो. तोंडी सांगतलं का मानूस इसरते. लिहिलं का रायते."

माझ्या मोबाईलवर त्यांनी एक अॅप घालून दिलं, पत्ता टाकून दिला. नळाची तक्रार लिहायला मला दोन दिवस लागले. लिहिल्यावर तासाभरात ते पाना घेऊन वर आले आणि नळ दुरुस्त करून गेले. जाताना म्हणाले, "पयले 'हा काय मूर्खपणा' असं लिहून खोडलं तुमी. खोडाची काई गरज नव्हती."

त्या बोर्डावर आलेला माणूस जे टाईप करतो ते मालकाच्या पडद्यावर अक्षर अक्षर उमटतं, खोडलेलं आधी उमटतं आणि मग पुसलं जातं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

भाऊ टेलिफोन खात्यात लाईनवर होते. चिमूरपासून नागभीडपर्यंतच्या जंगलातल्या खांबांवर त्यांची सगळी नोकरी गेली. त्या काळच्या गोष्टी सांगायला त्यांना फार आवडायचं आणि त्या ऐकताना मध्ये कुणी बोललेलं चालायचं नाही. एक गोष्ट मी निदान सहा वेळा ऐकली असेल. ते खांबावर चढलेले, खाली अस्वल आलं आणि मोहाच्या झाडाखाली खात बसलं. उतरायची सोय नाही. भाऊंनी कमरेचा टेस्ट फोन तारेला लावला आणि एक्सचेंजमध्ये बसलेल्या माणसाला सांगितलं, "तू निस्ता बोलत राय. मले भेव वाटून राह्यलं." तो माणूस दीड तास बोलला. बायकोबद्दल, म्हशीबद्दल, बदलीबद्दल. अस्वल गेल्यावर भाऊ उतरले आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाला भेटायला एक्सचेंजला गेले. तोवर दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

"मानसाचा आवाज," भाऊ शेवटी म्हणायचे, "खांबाले धरून ठेवते."

निवृत्त झाले त्याच सुमारास गल्लीतली तांब्याची लाईन काढून नेली गेली. आणि कुठल्याशा लिलावात मिळालेला तो कॉम्प्युटर घरात आला. तो कॉम्प्युटर त्या काळातला, जेव्हा लोक फोन लावून एकमेकांच्या यंत्रांवर जात आणि एक जण आत असला की दुसऱ्याला लाईन बिझी मिळे. त्याला मोडेम आणि टेलिफोनची तार एवढंच समजायचं. इंटरनेट म्हणजे काय हे त्याच्या गावीही नव्हतं. म्हणून ती साबणदाणी. तिच्या आत बोटाएवढी एक पट्टी होती. ती कॉम्प्युटरला सांगायची की मी मोडेम आहे. कॉम्प्युटर जुन्या सवयीने तिला नंबर फिरवायला सांगायचा, ती नंबराच्या जागी एखादा पत्ता घ्यायची आणि घरातल्या वायफायमधून टेलनेटने तिथे हाक मारायची. टेलनेट म्हणजे यंत्राने यंत्राला मारलेली अगदी साधी हाक. चित्र नाही, आवाज नाही, फक्त अक्षरं. पलीकडून उत्तर आलं की पट्टी कॉम्प्युटरला कळवायची, "कनेक्ट". बाहेरून कुणी आलं तर पडद्यावर "रिंग" अशी अक्षरं यायची.

"या म्हाताऱ्याले अजून वाटते का तार जित्ती हाय," भाऊ कॉम्प्युटरवर हात ठेवून म्हणायचे. "त्याले कोनी सांगू नका."

टेलनेटचं दार उघडं ठेवलं की जगभरातली रिकामटेकडी यंत्रं ते ठोठावत बसतात. "अॅडमिन" म्हणून नाव सांगतात, एक-दोन-तीन-चार असा परवलीचा शब्द टाकतात, नाही जमलं की दुसरा. भाऊंकडे दिवसाला शेकड्यांनी असली यंत्रं यायची. दुसऱ्या कुणी कुलूप लावलं असतं. भाऊंनी दारात एक प्रश्न बसवला. रोमन अक्षरांत, कारण त्या यंत्राला देवनागरी येत नव्हती: जेवले का?

"हो" लिहिलं की आत. "अॅडमिन" लिहिलं की फोन बंद. आणि "नाई" लिहिलं तर पडद्यावर यायचं, "मंग पयले जेवा", आणि फोन बंद.

बोर्डावर नेमाने येणारे वीसेक लोक होते. ब्राझीलची एक दाताची डॉक्टर, हैदराबादचे एक निवृत्त प्राध्यापक, आणि फिनलंडचा एक म्हातारा, जो उमेदीत जहाजावर रेडिओ सांभाळायचा. त्या सगळ्यांना मराठीचे एवढेच दोन शब्द येत, पण ते जगात कुठेही असोत, आत यायच्या आधी जेवल्याचं सांगत. फिनलंडवाला आणि भाऊ रोज एकमेकांना तापमान कळवायचे. जानेवारीत तो लिहायचा, उणे एकोणीस. मे महिन्यात भाऊ लिहायचे, अधिक सेहेचाळीस. तेव्हा एकदा त्याने विचारलं, एवढ्या उन्हात माणसं काय करतात? भाऊंनी मोडक्या इंग्रजीत उत्तर दिलं, "बसतात."

गावात भाऊंचं नाव फारसं चांगलं नव्हतं. माणूस गुर्मीत असतो, असं म्हणत. रस्त्यात हाक मारली तर थांबत नाही. विचारलं एक तर उत्तर दुसरंच देतो. विहारात वंदना असली की सगळ्यात पुढे जाऊन बसतो, म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावतो आणि सगळ्यांच्या अर्धा शब्द मागून म्हणतो. घराच्या दारावरची घंटी काढून त्यांनी तिथे बटण दाबलं की आतल्या खोलीत दिवा लागेल अशी व्यवस्था केली होती. कारण विचारलं तर म्हणायचे, "घंटीनं डोस्कं दुखते." हे सगळं मी पाहत होते. मला ते विक्षिप्तपणाचे नमुने वाटायचे आणि सुटीत सांगलीला गेले की मी ते रंगवून सांगायचे.

मालकीणबाई अंगणवाडीत होत्या. त्याही आता घरीच. गाव त्यांना नुसतं बाई म्हणायचं. खणखणीत आवाज, सगळ्या गल्लीशी बोलणं, फक्त नवऱ्याशी नाही. भाऊंना काही सांगायचं असलं की त्या तिसऱ्याला सांगत. बहुधा मला. "मॅडम, त्यायले सांगा, भाजी कोनती आनाची ते." भाऊ दोन हातांच्या अंतरावर उभे असत. मी भाऊंकडे वळून तेच वाक्य पुन्हा म्हणायची. भाऊ उत्तर द्यायचे. बाई ते ऐकायच्या आणि माझ्याकडेच पाहून मान हलवायच्या. सुरुवातीला मला संकोच वाटला. पुढे सवय झाली.

पहिल्या हिवाळ्यात बाईंनी मला कारण सांगितलं. आम्ही अंगणात लाखोळीची डाळ निवडत होतो. त्यांचं उजवं मनगट थोडं वाकडं होतं आणि सूप पाखडताना त्या तोंड वेडंवाकडं करत होत्या. मी विचारलं, पडलात का कधी?

"पडली ना. न्हानीत पडली. सकाळचे नऊ वाजले असतीन. हाड मोडलं, उठता येईना. हे त्या खोलीत, त्या डब्यापुढं. मधात एक भिंत. मी हाका मारल्या मॅडम, घसा फाटेस्तोवर मारल्या. एक घंटा. मंग पानी पियाले उठले तवा मी दिसली त्यायले." त्यांनी डाळीतला खडा काढून लांब फेकला. "आन् मले काय म्हनलं मालूम हाय? म्हने, हाक काऊन नाई मारली?"

मी सूप त्यांच्या हातातून घेतलं.

"त्या दिवसापासून मी मारत नाई. ना हाक, ना काई."

त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला बोर्ड बंद पडला. म्हणजे कॉम्प्युटर चालू होता, साबणदाणीतला दिवाही लुकलुकत होता, पण बाहेरून कुणी येईना. ठोठावणारी यंत्रंसुद्धा येईनात. भाऊ खुर्ची ओढून दिवसभर पडद्यासमोर बसायचे. "रिंग" ही अक्षरं काही उमटायची नाहीत. चार दिवस दाढी केली नाही. पाचव्या दिवशी त्यांनी इथून फिनलंडवाल्याच्या बोर्डावर फोन लावून पाहिला, तो लागला. बाहेर जाता येत होतं. आत कुणी येऊ शकत नव्हतं.

"मॅडम, उद्या सुट्टी हाय ना तुमाले? केबलवाल्याकडे चला माह्या संग," ते म्हणाले. "ते लोक इंग्रजी शब्द लय वापरते."

गावात घरोघर इंटरनेट पुरवणाऱ्या माणसाचं ऑफिस बाजारात होतं. चाळिशीचा गृहस्थ, काचेच्या पार्टिशनमागे बसलेला, समोर दोन स्क्रीन. आम्ही उभे राहिलो. दुकानात आणखी पाचसहा माणसं होती. भाऊंनी तक्रार सांगितली, फार व्यवस्थित सांगितली. तो माणूस स्क्रीनकडेच पाहत म्हणाला,

"काका, आता नवीन सिस्टीम झाली. पयले परत्येक कनेक्शनले वेगळा पत्ता होता, आता सगळ्या गावाले मिळून एकच. भायेरून कोनी आलं त कोनाच्या घरी पाठवाचं ते समजत नाई. तुमचं कोनतं कनेक्शन हाय, जुनं का नवं?"

"सकाळपासून," भाऊ म्हणाले.

"काय?"

"पाच दिवस झाले."

"अजी, कनेक्शन जुनं का नवं इचारलं."

भाऊंनी काचेवर टिचकी मारली. "तुमी माझ्याकडे पाहून बोला."

तो काही पाहीना. मागे कुणीतरी हसलं. भाऊ म्हणाले, "बिल भरलं हाय माझं." आता सगळेच हसले. केबलवाल्याने शेवटी स्क्रीनवरून नजर काढली, पण पान तोंडात होतं, त्यामुळे ओठ धड हलत नव्हते. तो मोठ्याने म्हणाला,

"काका, आयकू येते का तुमाले?"

भाऊंना हेही कळलं नाही. ते माझ्याकडे वळले. आणि त्या क्षणी मला घंटीऐवजीचा दिवा, विहारातली पुढची जागा, बोर्डावरच लिहायचा हट्ट, असं सगळं एकदम समजलं. त्या आधी दीड वर्ष मला ते समजलं नव्हतं, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. मी त्यांच्या समोर उभी राहिले आणि आवाज न करता, नुसत्या ओठांनी विचारलं, "ते विचारतायत, तुम्हाला ऐकू येतं का?"

भाऊ बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग काचेकडे वळून म्हणाले, "नाई. नाई येत."

दुकानातलं हसणं थांबलं. केबलवाल्याने पान थुंकलं, उठून बाहेर आला, स्टूल दिलं आणि कागदावर लिहून सगळं पुन्हा समजावलं. त्याच्या हातात काही नव्हतं. पण त्याने लिहिलं मात्र नीट.

येताना आम्ही रसवंतीत बसलो. भाऊंनी उसाचा रस अर्धा प्यायला आणि स्वतःहून बोलायला लागले. आधी डावा कान गेला, नोकरीत असतानाच. उजवा हळूहळू. लाईनवाल्याला ऐकू येत नाही म्हटल्यावर त्याला काय काम राहणार, म्हणून लपवलं. लपवायची सवय झाली. कानात पूर्ण शांतता नव्हती, तेही त्यांनी सांगितलं. "चोवीस घंटे डायल टोन वाजून राह्यली. नंबर काई लागत नाई."

"बाईंनी हाका मारल्या होत्या," मी म्हणाले. त्यांना दिसेल असं म्हणाले.

"मालूम हाय मले. हाक काऊन नाई मारली, असं इचारलं, आन् तिच्या तोंडाकडे पाह्यलं. तवाच समजलं का मारल्या. तोपर्यंत मले वाटे का थोडं थोडं येते आपल्याले."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"लाज वाटली," भाऊ म्हणाले. मग ग्लास पुढे सरकवून, "तिले तुमी नका सांगू."

मी नाही सांगणार, असं म्हणाले. आणि हेही म्हणाले की तुम्ही सांगा. त्यांनी रसाचे पैसे मोजून टेबलावर ठेवले. ओठ दिसले नसतील असं काही नव्हतं.

एकाच घरात राहून बायकोला पाच वर्षं कसं कळलं नाही, असं मला पुढे अनेकांनी विचारलं. नवरा-बायको बोलतच नसतील तर त्या घरात बहिरेपण लपायला भरपूर जागा असते, एवढंच मी सांगू शकते.

बोर्ड फिनलंडवाल्याने वाचवला. भाऊंनी त्याला सगळी हकीकत कळवली. त्याने लिहिलं, तुझ्याकडे कुणी येऊ शकत नाही, पण तू माझ्याकडे येऊ शकतोस ना? मग तू मला फोन लाव आणि ठेवूच नकोस. ती लाईन मी धरून बसतो. ज्याला तुझ्याकडे यायचंय तो माझ्या दारात येईल, मी त्याला तुझ्या लाईनीवर सोडेन. हा निरोप वाचून भाऊंनी मला वरून खाली बोलावलं. एरवी हसणारा माणूस नव्हे तो, पण टेबलावर थाप मारून हसत होते.

"अजी, हे त आमचं ट्रंक एक्सचेंज! फिनलंडमदे ऑपरेटर बसवला मी!"

जमायला आठवडा लागला. त्या आठवड्यात भाऊ आणि तो म्हातारा रोज दुपारी तास तास अक्षरांनी बोलत. रविवारी अकराच्या सुमाराला पडद्यावर "रिंग" आलं. ब्राझीलची डॉक्टर होती. तिने लिहिलं, हो, जेवले. भाऊ खुर्चीत मागे टेकले आणि त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला.

त्याच दुपारी त्यांनी मला पुन्हा बोलावलं. बाईंसाठी एक निरोप लिहून ठेवला आहे, म्हणाले. तुमच्या मोबाईलवरून त्यांना वाचायला द्या. "मी इथीच बसतो."

"तुम्हीच द्या ना."

"मॅडम," ते म्हणाले, "मले तिचं तोंड पाह्यता येनार नाई."

बाई स्वयंपाकघरात होत्या. मी मोबाईल त्यांच्या हातात दिला. दारातला प्रश्न आला तसं त्या म्हणाल्या, "हे काय इचारते हे?" मी "हो" लिहायला सांगितलं. मग निरोप आला. रोमन अक्षरांत होता, त्यामुळे त्यांना हळू वाचावा लागला, ओठ हलवत.

तू हाका मारल्या. मले आयकू नाई आल्या. मले दोनी कानानं येत नाई. तुले मी इचारलं हाक काऊन नाई मारली, तवा तुह्या तोंडावरून समजलं. सांगाची लाज वाटली. माह्या लाजेपाई तुहे पाच वर्स गेले.

बाईंनी दोनदा वाचलं. गॅस बंद केला. पाटावर बसल्या. मग म्हणाल्या, "याचं उत्तर कसं लिवतेत?"

मी दाखवलं आणि बाहेर आले. स्वयंपाकघर आणि भाऊंची खोली यांच्यामधल्या दारात मी उभी होते, म्हणून मला भाऊंचा पडदा दिसत होता. नारिंगी अक्षरं एक एक करून येत होती. आधी आलं: तुमी मूर्ख. ते खोडलं गेलं. मग आलं: मी मरून गेली असती तं. तेही खोडलं गेलं. मग काही वेळ काहीच आलं नाही. मग: डाक्टरले दाखवलं का. खोडलं. भाऊ पुढे वाकून, टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून, ते येताना आणि पुसलं जाताना वाचत होते. अर्ध्या तासाने बाईंनी जे पाठवलं ते एवढंच होतं:

मनगट अजून दुखते.

भाऊ उठले. माझ्या बाजूने स्वयंपाकघरात गेले. मी वर निघून आले.

पुढे ऐकलं ते एवढंच की बाईंनी स्वतःचा मोबाईल घेतला आणि बोर्डावर नाव नोंदवलं. त्यानंतरचं भांडण मात्र मी वाचलं, कारण त्यांनी ते सगळ्यांना दिसेल अशा जागी मांडलं होतं. खासगी निरोप वेगळे पाठवता येतात हे बाईंना माहीत नव्हतं आणि भाऊंनी सांगितलं नाही. पाच वर्षांचं सगळं त्यात आलं. भाचीच्या लग्नात भाऊ लवकर निघून आले ते. बाईंच्या आईच्या अखेरच्या दिवसांत ते नुसते बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत ते. प्रत्येक ठिकाणी भाऊंचं उत्तर एकच होतं, आयकू नाई आलं. चौथ्या-पाचव्या वेळी बाईंनी लिहिलं, सगळ्याले कानाचं नाव नका देऊ, लग्नात तुमी जेवन आवडलं नाई म्हनून आले. भाऊंनी लिहिलं, ते खरं हाय. हैदराबादचे प्राध्यापक आणि ब्राझीलची डॉक्टर यांना एक अक्षर कळत नव्हतं. फिनलंडवाल्याने मला विचारलं, हे काही कविता वगैरे आहे का? मी म्हटलं, नाही, नवरा-बायको आहेत. त्याने लिहिलं, मग मी लाईन सोडत नाही.

तिसऱ्या वर्षी माझी बदली गडचिरोलीला झाली. त्यानंतरच्या थंडीत बाईंचा बोर्डावर निरोप आला की त्या भाऊंना घेऊन तिथल्या दवाखान्यात कान तपासायला येत आहेत, मी येईन का. त्या दोघांना मी स्टँडवर घ्यायला गेले. भाऊंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, हातात आता काठी होती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, फार शांतपणे बोलणाऱ्या. डाव्या कानाचं आता काही होणार नाही म्हणाल्या, उजव्याला यंत्राने थोडं येईल. त्यांनी ते कानामागे बसवलं, कसलंसं बटण फिरवलं आणि बाईंना म्हणाल्या, काहीतरी बोला.

बाईंना काही सुचेना. त्यांनी पदर सारखा केला, पिशवी या हातातून त्या हातात घेतली. शेवटी म्हणाल्या, "चहा घेता का?"

भाऊंनी मान वळवली. त्यांनी बाईंच्या ओठांकडे पाहिलं नव्हतं, खिडकीबाहेर पाहत होते, हे मी लक्षात ठेवलं आहे.

"तुहा आवाज बदलला," ते म्हणाले.

"एवढ्या वर्सानं आयकला. बदलनच ना."

"म्हातारा झाला."

"तुमी लहान झाले का मंग?"

डॉक्टरीणबाई कागद भरत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

आता बोलता येत असताना बोर्ड कशाला चालू ठेवता, असं मी बाईंना त्या दिवशी जेवताना विचारलं. त्या म्हणाल्या, साधं बोलणं तोंडाने करतो, भांडण तिथेच करतो. लिहिलेलं असलं की कोण काय म्हणालं ते बदलता येत नाही. भाऊ घास चावत म्हणाले, "म्हनून मी हारतो."

परतीची बस साडेतीनची होती. दवाखान्यातून काही कागद न्यायचे राहिले होते म्हणून आम्ही पुन्हा तिथे गेलो. व्हरांड्यात लसीची रांग होती. आलापल्लीकडून आलेली एक तरुणी मांडीवर तान्हं घेऊन बसली होती. त्याला नुकतीच सुई टोचली होती आणि ते जिवाच्या आकांताने रडत होतं. त्याची आई गोंडीत काही पुटपुटत त्याला हलवत होती. रांगेतले लोक वैतागले होते. एकाने कानावर हात ठेवला.

भाऊ त्या तान्ह्यापासून चार पावलांवर उभे राहिले. काठी भिंतीला टेकवली. मान थोडी उजवीकडे, यंत्राच्या कानाकडे कलली.

"चला ना," बाई म्हणाल्या. "बस जाईन."

भाऊ हलले नाहीत.

"अजी, आयकू नाई आलं का? बस जाईन म्हनलं."

"आलं," भाऊ म्हणाले. "थांब. पयले त्याचं होऊ दे."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. मग हातातली पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. मूल आणखी बराच वेळ रडलं.